भाषानिमज्जन (प्राथमिक शिक्षण)

भाषानिमज्जन ही दुसरी भाषा शिकवण्याची एक शिक्षणपद्धती आहे. या पद्धतीत नवी भाषा हा वेळापत्रकातील एक स्वतंत्र विषय नसतो. गणित, परिसर अभ्यास, चित्रकला, खेळ असे शाळेतील सारे व्यवहार त्या भाषेतून चालतात आणि ती वापरता वापरता मुले शिकतात. कॅनडातील क्यूबेक प्रांतात १९६५ साली इंग्रजी भाषक मुलांसाठी सुरू झालेला फ्रेंच निमज्जन वर्ग हे या पद्धतीचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण होय.

महाराष्ट्रात ‘निमज्जन’ हे नाव फारसे वापरात नाही. मात्र घरी एक भाषा आणि पहिलीच्या वर्गात दुसरी, ही स्थिती येथील असंख्य मुलांच्या वाट्याला येते. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात हे विशेष स्पष्टपणे दिसते. तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना प्रमाण मराठी ही शाळेत प्रथमच भेटणारी भाषा असते, तर सेमी इंग्रजी व इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत मराठी भाषक मुलांपुढे इंग्रजी येते. बाहेरून पाहता हे वर्ग फ्रेंच निमज्जन वर्गासारखेच भासतात. प्रत्यक्षात निमज्जन यशस्वी होण्यासाठी लागणाऱ्या अटी त्यांत कितपत पाळल्या जातात यावर मुलांचे शिकणे अवलंबून असते.

संकल्पना व प्रकार

निमज्जनाचे वर्गीकरण दोन निकषांवर केले जाते. पहिला निकष आरंभाच्या वयाचा आहे. बालवाडी किंवा पहिलीपासून सुरू होणारे ते आरंभिक निमज्जन, साधारण चौथीपासूनचे मध्यम आणि सहावी-सातवीपासूनचे विलंबित निमज्जन. दुसरा निकष वेळेचा आहे. सुरुवातीला शाळेचा सर्व वेळ नव्या भाषेत जात असेल तर ते पूर्ण निमज्जन आणि सुमारे निम्मा वेळ जात असेल तर अंशतः निमज्जन होय.

सर्व प्रकारांत काही गोष्टी समान असतात. मुलाची पहिली भाषा समाजात सुरक्षित व प्रतिष्ठित असते. शिक्षकाला ती भाषा समजते. वर्गातील बहुतेक मुले नव्या भाषेत सारखीच नवखी असतात. ठरावीक इयत्तेपासून पहिली भाषाही अभ्यासक्रमात येते. पालकांनी हा मार्ग स्वेच्छेने निवडलेला असतो.

फ्रेंच निमज्जनाचा उगम

क्यूबेकमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात, परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मॉन्ट्रियलमधील व्यापारउदिमावर इंग्रजीचे वर्चस्व होते. इंग्रजी शाळांत फ्रेंच अनेक वर्षे विषय म्हणून शिकवली जात असे, तरीही शाळा संपल्यावर मुलांना शेजाऱ्याशी फ्रेंचमध्ये बोलता येत नसे. १९६० नंतर प्रांतात राजकीय व सामाजिक परिवर्तन सुरू झाले आणि फ्रेंचचे महत्त्व वाढले. त्या वेळी मॉन्ट्रियलसमोर सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावरील सेंट-लँबर्ट या उपनगरातील काही इंग्रजी भाषक पालक एकत्र आले. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स व व्हॅलेरी नील या त्यांतील अग्रणी होत. त्यांच्या पाठपुराव्यामुळे सप्टेंबर १९६५ मध्ये स्थानिक शालेय मंडळाने बालवाडीचा पहिला प्रायोगिक वर्ग उघडला.

मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी या वर्गाचा अभ्यास हाती घेतला. त्याआधी १९६२ साली त्यांनी एलिझाबेथ पील यांच्यासह मॉन्ट्रियलमधील दहा वर्षे वयाच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. दोन भाषा शिकल्याने मुलाच्या बुद्धीवर ताण पडतो, हा तोवरचा समज त्या पाहणीने खोटा ठरवला होता. लँबर्ट व रिचर्ड टकर यांनी सेंट-लँबर्ट येथील मुलांची प्रगती वर्षानुवर्षे नोंदवून १९७२ साली ग्रंथरूपाने मांडली. निमज्जन वर्गातील मुले गणितात मागे पडली नव्हती. इंग्रजी वाचन-लेखनात ती सुरुवातीला मागे होती, परंतु इंग्रजी हा विषय सुरू झाल्यावर ही उणीव लवकरच भरून निघाली. फ्रेंच केवळ विषय म्हणून शिकणाऱ्या मुलांपेक्षा त्यांचे फ्रेंच कितीतरी सरस होते. त्यानंतर ही पद्धत कॅनडाच्या इतर प्रांतांत पसरली.

वर्गातील दैनंदिन कार्य

आरंभिक निमज्जनाच्या वर्गात शिक्षक पहिल्या दिवसापासून फ्रेंचच बोलतो. मुलांकडून मात्र लगेच फ्रेंच बोलण्याची अपेक्षा नसते. कित्येक मुले पहिले काही महिने केवळ ऐकतात, सांगितलेली कृती करतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. शिक्षक ते उत्तर स्वीकारतो व तेच फ्रेंचमध्ये पुन्हा उच्चारतो. या काळाला ‘मौनाचा काळ’ म्हणतात. भाषा आत साठत असल्याची ती खूण मानली जाते. मुलाच्या मंदपणाचा पुरावा मानली जात नाही.

दिवसाची सुरुवात बहुधा गोल बसून होते. आज कोणता वार, कोणती तारीख, हवा कशी आहे, कोण गैरहजर आहे, हे प्रश्न रोज त्याच शब्दांत विचारले जातात. वाक्यरचना ठरलेली आणि उत्तर दररोज बदलणारे असल्याने मुले आधी संपूर्ण वाक्य ओळखतात आणि नंतर त्यातील शब्द सुटे करतात. त्यापाठोपाठ हातवाऱ्यांसह बालगीते, मोजणीची गाणी आणि ‘उभे राहा, दाराला हात लावा, निळी वस्तू आणा’ अशा आज्ञांचे खेळ होतात. वर्गातील दार, खिडकी, फळा, कपाट यांवर त्यांची नावे लिहिलेली असतात. गोष्ट सांगताना शिक्षक चित्रे, बाहुल्या व अभिनय वापरतो आणि एकच गोष्ट आठवडाभर सांगतो.

विषयज्ञान देताना भाषेचा आधार वेगळा दिला जातो. बी रुजवण्याचा प्रयोग असेल तर माती, बी, पाणी व ऊन हे शब्द आधी वस्तू हातात देऊन येतात, मग कृती होते, मग चित्र काढले जाते आणि अखेरीस चित्राखाली एक वाक्य लिहिले जाते. मुलाने चुकीचे वाक्य उच्चारले तर शिक्षक बोलणे तोडत नाही. तेच वाक्य बरोबर रूपात परत म्हणतो. नाम शिकवताना त्याचे लिंग दर्शवणारे उपपद सोबतच शिकवले जाते, कारण फ्रेंच नामांची दोन लिंगे अर्थावरून सहसा ओळखता येत नाहीत. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला ‘तो दगड, ती वीट, ते घर’ असे सर्वनामासह शिकवावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

संख्यावाचन हे निमज्जन वर्गातील कठीण प्रकरणांपैकी एक होय. प्रचलित फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार विसा’ आणि नव्वद म्हणजे ‘चार विसा-दहा’ अशी रचना आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही जुन्या पिढीतील माणसे विसाच्या पटीत मोजत असत, त्यामुळे ‘चार विसा’ ही कल्पना मराठी वाचकास अपरिचित नाही. इंग्रजी भाषक मुलाला मात्र ती नवी असल्याने वर्गात वीस-वीस काड्यांच्या जुड्या बांधून मोजणी घेता येते.

दुसरी किंवा तिसरीपासून इंग्रजी हा विषय सुरू होतो. प्राथमिक शाळेच्या अखेरीस दोन्ही भाषांना मिळणारा वेळ साधारण सारखा होतो.

दीर्घकालीन निष्कर्ष व उणिवा

निमज्जन वर्गातील मुलांचे श्रवण व वाचन फ्रेंच भाषक मुलांच्या जवळपास पोहोचते, परंतु बोलणे व लिहिणे तितके अचूक होत नाही. नामांची लिंगे, क्रियापदांची रूपे आणि ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतील औचित्यभेद यांत चुका राहून जातात. वर्गात सतत ऐकायला मिळते, मात्र स्वतः दीर्घ बोलण्याची वेळ क्वचित येते, हे त्यामागील एक कारण मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवून दिले. त्यानंतर गटचर्चा, नाट्यप्रवेश, मुलाखत व प्रकल्प-सादरीकरण यांना निमज्जन वर्गात अधिक स्थान मिळाले.

जिम कमिन्स यांनी १९७९ साली दैनंदिन संभाषणाची भाषा व अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली मुलाला साधारण दोन वर्षांत येते, दुसरी येण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. मैदानावर अस्खलित बोलणारे मूल गणितातील शाब्दिक उदाहरणात अडखळते, याचा उलगडा या भेदातून होतो. पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची व विचाराची क्षमता दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, हाही कमिन्स यांच्या मांडणीचा महत्त्वाचा भाग आहे.

निमज्जन आणि बुडवणे

शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असली म्हणजे निमज्जन होतेच असे नाही. अल्पसंख्य भाषकाचे मूल आधाराविना बहुसंख्यांच्या भाषेत टाकले जाते, तेव्हा त्या स्थितीला अभ्यासक ‘बुडवणे’ म्हणतात. गावाकडे पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून मुलाला विहिरीत सोडतात व कोणीतरी जाणता पाण्यात थांबतो. तसे न करता मुलास नुसते ढकलून दिले तर पाणी तेच असते, परिणाम वेगळा होतो.

लँबर्ट यांनी हाच फरक ‘बेरजेची द्विभाषिकता’ व ‘वजाबाकीची द्विभाषिकता’ या संज्ञांनी मांडला. सेंट-लँबर्ट येथील मुलाच्या इंग्रजीत फ्रेंचची भर पडली. इंग्रजी घरी, बाजारात, पुस्तकांत व पुढे शाळेतही होती. याउलट दुबळ्या मानल्या गेलेल्या भाषेचे मूल शाळेची भाषा शिकता शिकता स्वतःच्या भाषेपासून दुरावते आणि शाळेची भाषाही त्याच्या पूर्ण हाती येत नाही. बुडवणाऱ्या वर्गात शिक्षकाला मुलाची भाषा येत नाही, काही मुलांना शाळेची भाषा आधीच येत असते, आणि न बोलणारे मूल ‘ढ’ ठरते.

दिंडोरी तालुक्याची भाषिक पार्श्वभूमी

दिंडोरी हे तालुक्याचे ठिकाण नाशिकच्या उत्तरेस नाशिक-कळवण मार्गावर आहे. तालुक्याच्या पश्चिमेस पेठ, वायव्येस सुरगाणा, उत्तरेस कळवण, पूर्वेस चांदवड व निफाड आणि दक्षिणेस नाशिक तालुका आहे. पूर्वेकडील कादवा खोऱ्याचा भाग पालखेड, करंजवण, ओझरखेड, वाघाड इत्यादी धरणांमुळे बागायती झाला असून द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा सुरू होतात; ननाशी व आसपासच्या पाड्यांवर भात, नागली, वरई व खुरासणी ही पावसाळी पिके घेतली जातात. भारतीय संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील १९८५ च्या आदेशानुसार पेठ, सुरगाणा व कळवण हे पूर्ण तालुके आणि दिंडोरीतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. दिंडोरी हा विधानसभा व लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

तालुक्यात कोकणा, महादेव कोळी, वारली व भिल्ल या जमातींची वस्ती आहे. महादेव कोळ्यांची बोली मराठीचेच एक रूप आहे. कोकणा ही भाषा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, तसेच गुजरातमधील डांग व वलसाड भागात बोलली जाते. नावातील साम्य असले तरी ती गोवा व किनारपट्टीवरील कोकणीहून वेगळी आहे. भारताच्या जनगणनेत कोकणा व वारली या मातृभाषांची नोंद भिली या भाषागटाखाली होते. कोकणा समाजात डोंगऱ्या देवाचा उत्सव, कणसरी या धान्यदेवतेच्या कथा, वाघबारस, बोहाड्यातील सोंगे आणि पावरीवादन अशी समृद्ध मौखिक परंपरा आहे. मूल शाळेत येते तेव्हा ही गाणी व कथा त्याने ऐकलेल्या असतात, परंतु त्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत नसतात.

तालुक्याच्या भाषाचित्रात स्थलांतराचीही भर पडते. पेठ व सुरगाणा तालुक्यांतील अनेक कुटुंबे भातकापणी आटोपल्यावर दिंडोरी व निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस येतात. छाटणी, विरळणी, घड बुडवणी व काढणी ही कामे क्रमाने चालतात, आणि काही मुले आईवडिलांबरोबर बागेवरच्या खोपीत राहतात. अशा मुलाला शिक्षणवर्षाच्या मध्यावर शाळा, शिक्षक व भोवतालची बोली या तिन्ही गोष्टी बदललेल्या आढळतात. स्थलांतरित मुलांची शाळेतील नोंद टिकावी यासाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड, आणि आईवडिलांमागे मुलांना गावीच राहता यावे यासाठी हंगामी वसतिगृहे अशा योजना राबवण्यात आल्या आहेत.

शाळा आणि शिकवण्याची भाषा

तालुक्यातील प्राथमिक शिक्षणात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा, आदिवासी विकास विभागाच्या शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आणि खासगी मराठी व इंग्रजी शाळा यांचा समावेश होतो. कोकणा हे कोणत्याही इयत्तेचे अधिकृत माध्यम नाही. आश्रमशाळेत मूल निवासी असल्याने घरच्या भाषेशी त्याचा संबंध सुट्टीपुरता उरतो. भावंडे व त्याच पाड्यावरील मुले सोबत असल्यास तेवढीच भाषा वसतिगृहात ऐकू येते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ नुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. पाड्यावरील लहान शाळेत त्यामुळे एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असतात. निमज्जनाच्या दृष्टीने याचे दोन परिणाम होतात. शिक्षकाचा पहिलीच्या मुलांशी थेट बोलण्याचा वेळ घटतो, आणि नवी भाषा तर समोरासमोरच्या बोलण्यातूनच येते. दुसरीकडे, तिसरी-चौथीची मुले त्याच वर्गात असल्याने दोन्ही भाषा जाणणारे मदतनीस आपोआप उपलब्ध होतात. ‘गुरुजी काय म्हणाले’ हे मोठी बहीण लहान भावाला घरच्या भाषेत सांगते, तेव्हा ती नकळत दुभाष्याचे काम करते.

निमज्जनाची तत्त्वे दिंडोरीच्या वर्गात

फ्रेंच निमज्जन वर्गातील उपक्रम जसेच्या तसे उचलण्याऐवजी त्यांमागील तत्त्व स्थानिक जीवनाशी जोडता येते. पुढील उदाहरणे त्या दृष्टीने दिली आहेत.

सकाळचा गोल: वार, तारीख व हवा यांबरोबर ‘आज घरी कोणते काम होते’ हा प्रश्न रोज घेता येतो. मूल घरच्या भाषेत उत्तर देते. शिक्षक तेच प्रमाण मराठीत परत म्हणतो आणि फळ्यावर चित्रासह लिहितो. आठवडाभरात पेरणी, राब, आवणी, निंदणी, गुरे राखणे, घड खुडणे असे शब्द फळ्यावर जमतात. त्यांतूनच पुढे मुलांचे पहिले वाचन होते.

शब्दांची भिंत: प्रत्येक चित्राखाली दोन नावे असतात, एक घरच्या भाषेतील व एक पुस्तकातील. देवनागरी लिपी दोहोंना चालत असल्याने मुलाला वेगळी अक्षरे शिकावी लागत नाहीत. घरच्या शब्दावरून अक्षर ओळखले की तेच अक्षर पुस्तकातल्या शब्दात सापडते. फ्रेंच निमज्जनात इंग्रजी व फ्रेंच एकाच लिपीत असल्याचा जो लाभ मिळतो, तोच येथेही मिळतो.

नागलीचा पाठ: परिसर अभ्यासात नागलीच्या रोपाची वाढ निवडली तर मुलांना विषय आधीच ठाऊक असतो व भाषा तेवढी नवी राहते. मुले राब भाजण्यापासून मळणीपर्यंतचा क्रम चित्रांनी लावतात, कृती करून दाखवतात आणि ‘आधी’, ‘नंतर’, ‘म्हणून’, ‘जर-तर’ हे अभ्यासाच्या भाषेतील दुवे वापरायला शिकतात. परिचित आशय व अपरिचित भाषा असा हा क्रम आहे. अपरिचित आशय अपरिचित भाषेत मांडला तर मूल पाठांतराकडे वळते.

द्राक्षबागेतील गणित: बागायती भागात एका काडीवरील घड, एका पेटीतील वजन व ओळीतील वेली यांची मोजणी घेता येते. मजूर कुटुंबातील मुलांना यातील पुष्कळ माहिती असते. एरवी वर्गात गप्प असणारे मूल येथे जाणकार ठरते.

संख्यावाचन: मराठीतील एकवीस ते नव्व्याण्णव ही संख्यानामे नियमितपणे बनत नाहीत, ‘एकोणतीस’मध्ये तीसचा उल्लेख आहे, परंतु संख्या विसाच्या घरातली आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत दिली गेली आणि तिच्यावर राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना संख्या सहज समजावी हा त्यामागील हेतू असल्याचे स्पष्ट केले. मराठी ज्यांची दुसरी भाषा आहे अशा मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र असतो, कारण त्यांना संख्येची कल्पना व तिचे अनियमित नाव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात.

गोष्ट व नाट्य: बोहाड्यातील सोंगे वा कणसरीची कथा गावातील जाणत्या व्यक्तीने वर्गात घरच्या भाषेत सांगावी व मुलांनी तिचा प्रवेश मराठीत बसवावा, या उपक्रमात मुलांना स्वतः दीर्घ बोलावे लागते. फ्रेंच निमज्जन वर्गात स्वेन यांना हीच गोष्ट कमी पडलेली आढळली होती.

सेमी इंग्रजी आणि इंग्रजी माध्यम

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकवला जातो. सेमी इंग्रजी पद्धतीत इतर विषय मराठीत, तर गणित व विज्ञान इंग्रजीत शिकवले जाते. रचनेच्या दृष्टीने हे अंशतः निमज्जन आहे. मात्र फ्रेंच निमज्जनात शिक्षक फ्रेंच सहज बोलणारा असतो आणि भाषेचा आरंभ गाणी, खेळ व संभाषण यांतून होतो. सेमी इंग्रजीत अनेकदा केवळ पुस्तक इंग्रजी असते व स्पष्टीकरण मराठीत होते. त्यामुळे मुलाला संज्ञा इंग्रजीत पाठ होतात, परंतु इंग्रजीत विचारलेला प्रश्न समजेलच असे नाही.

पहिलीसाठी बालभारतीने तयार केलेल्या एकात्मिक द्विभाषिक पाठ्यपुस्तकात मराठीबरोबर इंग्रजी शब्द व वाक्ये देण्यात आली. मराठी भाषक मुलास यातून बेरजेचा लाभ होऊ शकतो. कोकणा भाषक मुलाच्या दृष्टीने मात्र पानावरील दोन्ही भाषा नव्या असतात आणि ज्या भाषेचा आधार घ्यायचा तीच पानावर नसते.

धोरणे व संबंधित प्रयत्न

संविधानाच्या अनुच्छेद ३५०-अ मध्ये, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे म्हटले आहे. २००९ च्या अधिनियमात, व्यवहार्य असेल तेथवर शिक्षणाचे माध्यम बालकाची मातृभाषा असावे, अशी तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा किंवा प्रादेशिक भाषा हे माध्यम असावे असे सुचवले आहे. मराठी भाषक मुलाच्या बाबतीत या चारही शब्दांचा अर्थ बहुधा एकच निघतो. दिंडोरीच्या पश्चिम भागात घरची भाषा व प्रादेशिक भाषा वेगळ्या असल्याने कोणता शब्द ग्राह्य धरला जातो याला महत्त्व येते.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी वारली मुलांमध्ये काम केले. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेणारी ‘कुरणशाळा’ ही त्यांची कल्पना प्रसिद्ध आहे. फलटण येथील प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक व भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी मुलांच्या बोलीचा आदर राखून वाचन-लेखन शिकवण्याचा पाठपुरावा केला. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथील क्वेस्ट ही संस्था आदिवासी भागातील मुलांच्या आरंभिक साक्षरतेवर काम करते. भारतातील इतर राज्यांपैकी ओडिशाने आदिवासी भाषांतून आरंभ करून क्रमाने ओडियाकडे नेणारा बहुभाषिक शिक्षण कार्यक्रम राबवला आहे.

मर्यादा व मतभेद

कॅनडात निमज्जनावर घेतला जाणारा एक आक्षेप असा की, अभ्यासात अडचणी असलेली मुले हळूहळू इंग्रजी वर्गात परततात आणि निमज्जन वर्ग निवडक मुलांचा होतो. सहज फ्रेंच बोलणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांचा तुटवडा ही तेथील जुनी अडचण आहे.

दिंडोरीसारख्या भागात मतभेदांचे स्वरूप वेगळे आहे. घरच्या भाषेला वर्गात स्थान दिल्यास मराठी व इंग्रजी शिकण्यास उशीर होईल आणि स्पर्धेत मूल मागे पडेल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. मराठी वा इंग्रजी न आल्यामुळे बाजारात, दवाखान्यात व कचेरीत सोसावी लागलेली अडचण त्यांच्या अनुभवाची असल्याने ही भीती निराधार म्हणता येत नाही. दुसरे म्हणजे, एकाच वर्गात कोकणा, वारली व मराठी बोलणारी मुले असतील तर कोणत्या घरच्या भाषेचा आधार घ्यावा हा प्रश्न उभा राहतो. तिसरे म्हणजे, शिक्षकांच्या बदल्या होत राहिल्याने एखाद्याने आत्मसात केलेली स्थानिक भाषा शाळेला दीर्घकाळ उपयोगी पडत नाही.

या आक्षेपांना उत्तर देताना निमज्जनाचे समर्थक सेंट-लँबर्टच्याच अनुभवाकडे लक्ष वेधतात. तेथील मुले फ्रेंच शिकली याचे कारण त्यांची इंग्रजी शाळेबाहेर ठेवली गेली, हे नव्हते. मुलाने इंग्रजीत दिलेले उत्तर शिक्षकाला समजत होते, ते चूक मानले जात नव्हते, आणि काही वर्षांत इंग्रजीलाही वर्गात जागा मिळणार आहे हे सर्वांना ठाऊक होते. पाड्यावरील शाळेत यापैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी वेगळे माध्यम किंवा नवे पुस्तक आवश्यक नसते. शिक्षकाने मुलांच्या भाषेतील रोजच्या वापराचे काहीशे शब्द शिकून घेणे आणि पहिलीतील मुलाच्या मौनाला पुरेसा अवधी देणे, यापासून आरंभ करता येतो.